इन्सुलिनबरोबर मीटरही घरी जायला हवा

मांजराला मधुमेह झाल्याचे निदान झाले की घरच्यांच्या हाती इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज येतात, दिवसातून दोनदा इंजेक्शन कसे द्यायचे ते दाखवले जाते आणि काही आठवड्यांनी तपासणीला यायला सांगितले जाते. मधल्या काळात त्या मांजराच्या रक्तात साखर किती आहे, हे मात्र अनेकदा कोणालाच ठाऊक नसते. घरातल्या आजीला इन्सुलिन सुरू झाले, तर नातवंडेसुद्धा तिच्या बोटाला सुई टोचून आकडा वहीत लिहायला शिकतात. मग तेच औषध चार-पाच किलोच्या प्राण्याला देताना आकडा पाहण्याची गरज का वाटू नये? जो पशुवैद्य मांजराला इन्सुलिन लिहून देतो, त्याने त्याच आठवड्यात घरच्यांना साखर मोजायलाही शिकवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. साखर मोजणे हा उपचाराचाच भाग आहे. हौशी मालकांपुरती जादाची सोय म्हणून त्याकडे पाहणे धोक्याचे आहे.

मांजराच्या बाबतीत हा आग्रह इतर प्राण्यांपेक्षा जास्त धरावा लागतो, कारण दवाखान्यातला आकडा मांजराबद्दल हमखास खरे सांगेलच असे नाही. पिंजऱ्यात कोंबलेले, रिक्षातून आलेले, शेजारच्या बाकावर भुंकणारा कुत्रा पाहिलेले आणि टेबलावर धरून ठेवलेले मांजर जिवाच्या आकांताने झटापट करते. तिच्यामुळे शरीरात ताणाची संप्रेरके आणि लॅक्टेट वाढते, आणि यकृत रक्तात साखर ओतू लागते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या जॅकी रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी मांजरांवर काही मिनिटे पाण्याचा फवारा मारला होता. तेवढ्यानेही साखर चढली, आणि ती चढण मांजराच्या धडपडीशी आणि वाढलेल्या लॅक्टेटशी जोडलेली दिसली. मधुमेह नसलेल्या मांजराचा आकडा अशा वेळी दोनशेच्या, कधी तीनशेच्याही वर जाऊ शकतो. आता मधुमेही मांजर घ्या. घरी त्याची साखर 130 असेल आणि दवाखान्यात 330 दिसली, तर डॉक्टर प्रामाणिकपणे डोस वाढवतील, आणि त्या वाढीव डोसाची शिक्षा मांजराला घरी, रात्री, कोणी पाहत नसताना भोगावी लागेल. फ्रुक्टोसामाइनची चाचणी या गोंधळातून काही अंशी वाट काढते. तिच्यावर तासाभराच्या ताणाचा परिणाम होत नाही, मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी तिच्यातून कळते. पण रोज दुपारी तीनला साखर पन्नासवर येत असेल आणि पहाटे चारशेवर जात असेल, तरी सरासरी ठीकठाकच दिसणार. लघवीत बुडवायच्या पट्टीचा उपयोग त्याहून मर्यादित आहे. मांजराच्या लघवीत साखर उतरते ती रक्तातली पातळी अडीचशे-तीनशेच्या आसपास गेल्यावर. त्याखाली सगळे आलबेल आहे की जीव धोक्यात आहे, याबद्दल ती पट्टी काहीच सांगत नाही.

दुसरे कारण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. मांजरांचा मधुमेह बहुतांशी माणसाच्या टाइप 2 मधुमेहासारखा असतो. वाढलेले वय, लठ्ठपणा आणि नसबंदी झालेले, घरातच बसून असलेले बोके हे त्याचे नेहमीचे चित्र. या प्रकारात साखर वेळेत आटोक्यात आली, तर स्वादुपिंड पुन्हा काम करू लागते आणि पुष्कळ मांजरांचे इन्सुलिन सुटते. कर्स्टन रूम्प आणि रँड यांनी 2009 मध्ये 55 मांजरांचा अनुभव मांडला. मालक घरी वरचेवर साखर मोजत होते आणि त्या नोंदींवरून ग्लार्जिन इन्सुलिनचा डोस ठरत होता. त्यातल्या 64 टक्के मांजरांचे इन्सुलिन बंद झाले. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हा कडक उपचार सुरू झालेल्यांत हे प्रमाण 84 टक्के होते, उशीर झालेल्यांत 35 टक्के. हे मालक विशेष चिकाटीचे होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून सगळे श्रेय मोजणीला देता येणार नाही. पण एक गोष्ट या आकड्यांतून निर्विवाद निघते. उपचार यशस्वी होऊ लागला की इन्सुलिनची गरज घटते, कधी काही आठवड्यांतच शून्यावर येते. म्हणजे कालपर्यंत योग्य असलेला डोस आज विषासारखा होऊ शकतो, आणि तोही नेमका मांजर बरे होत असताना. ही घट पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबून राहत नाही. साखर फार उतरली की मांजर सुस्त होते, झोकांड्या खाते, त्याला झटके येतात, आणि वेळेत उपाय झाला नाही तर ते दगावते. इंजेक्शनआधी घेतलेला रक्ताचा एक थेंब हे टाळू शकतो.

सामान्य माणसाच्या हाती हे काम द्यावे का, ही शंका मांजरांपुरती नाही आणि नवीही नाही. 1970 च्या सुमारास अमेरिकेतल्या रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही अभियंत्याने रुग्णालयांसाठी बनलेले साखर मोजायचे यंत्र डॉक्टर पत्नीच्या नावावर मिळवले आणि घरी स्वतःची साखर दिवसातून अनेकदा मोजायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे वैद्यकीय नियतकालिकांनी छापले नाही. शेवटी चाळिशी उलटल्यावर ते स्वतः वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. रुग्णाला आकडे झेपतील का, तो घाबरून भलतेसलते करील का, हेच तेव्हाचे आक्षेप होते. 1993 मध्ये टाइप 1 मधुमेहाच्या 1,441 रुग्णांवरील मोठ्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले. घरी वारंवार मोजणी करून साखर काटेकोर ठेवणाऱ्यांचे डोळे, मूत्रपिंडे आणि नसा कितीतरी जास्त सुरक्षित राहिल्याचे त्यात दिसले. त्यानंतर तो वाद माणसांच्या बाबतीत संपला. मांजरांच्या बाबतीत झुरिक विद्यापीठात क्लाउडिया रॉइश यांच्या गटाने कानातून थेंब घेण्याची पद्धत मालकांना शिकवून तिचा दीर्घ काळ पाठपुरावा केला, त्यालाही आता वीसहून अधिक वर्षे झाली.

मांजराला दुखेल, ते आपल्यावर रुसेल, ही सगळ्यांत आधी येणारी आणि मनापासूनची भीती. कानाच्या कडेला मात्र बोटाच्या टोकासारखी दाट संवेदना नसते. कान हाताने किंवा कोमट कापडाने ऊबदार करायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा, कडेने जाणाऱ्या शिरेच्या जवळ सुई टोचायची आणि आलेल्या बारीकशा थेंबाला पट्टी लावायची. मग कापूस क्षणभर दाबून धरायचा आणि आवडीच्या मांसाचा तुकडा द्यायचा. पहिले काही दिवस थेंब येत नाही, पट्ट्या वाया जातात, घरच्यांचे हात थरथरतात. पुढे अनेक मांजरे खाऊच्या ओढीने ठरल्या वेळी स्वतःच येऊन बसतात. पिंजरा, प्रवास आणि परक्या हातांची पकड यांपेक्षा हे मांजराला कितीतरी सुसह्य असते.

पशुवैद्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे: आकडा हाती आला की मालक स्वतःच डोस बदलत बसतील. ही भीती खरी आहे. ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनचा डोस एका आकड्यावरून वाढवायचा नसतो. दिवसभर दर दोन-चार तासांनी घेतलेल्या नोंदींचा आलेख पाहून तो डॉक्टरांनी ठरवायचा असतो. म्हणूनच मीटरबरोबर लेखी नियम द्यावा. अमुक आकड्याखाली इंजेक्शन देऊ नका, फोन करा. अमुक आकड्याखाली ग्लुकोजचे पाणी किंवा मध हिरड्यांना चोळा आणि दवाखाना गाठा. डोस वाढवण्याचा अधिकार फक्त डॉक्टरांचा. मोजणी न शिकवल्याने लुडबुड थांबते, हा समजही चुकीचा आहे. मांजर जास्त पाणी पिताना दिसले की काही जण अंदाजानेच एक युनिट चढवतात, आणि अंदाज आकड्यापेक्षा वाईट. आपल्याकडे एक धोका तर वेगळाच आहे. औषधाच्या दुकानात 40 युनिट आणि 100 युनिट अशा दोन तीव्रतांचे इन्सुलिन आणि त्यांच्या दोन वेगळ्या सिरिंज मिळतात. ग्लार्जिन 100 चे असते. ते चुकून 40 च्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत ओढले, तर मांजराला एकाऐवजी अडीच युनिट जातात. एखाद-दोन युनिटवर चालणाऱ्या प्राण्यासाठी ही चूक जीवघेणी आहे, आणि ती आकड्याविना लक्षात येणार ती मांजर कोसळल्यावरच.

माणसांचा मीटर मांजराच्या रक्ताला अचूक नसतो, हेही खरे. मांजराच्या रक्तातली जवळपास सगळी साखर तांबड्या पेशींबाहेर असते, माणसाची तशी नसते. म्हणून आपले मीटर मांजराची साखर सहसा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात. प्राण्यांसाठी जुळवलेला मीटर मिळाला तर उत्तम, पण त्याच्या पट्ट्या महाग. साध्या मीटरची चूक निदान सावधगिरीच्या बाजूला पडते, आणि कायम तोच मीटर वापरून तो कोणता आहे हे डॉक्टरांना सांगितले, तर त्याचे आकडे अर्थपूर्ण ठरतात. खर्चाचे म्हणाल, तर दर फेरीला दवाखान्यात दिवसभर ठेवून आलेख काढण्यापेक्षा पट्ट्यांची डबी स्वस्त पडते. मुंबई-पुण्याबाहेर, जिथले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी उभे राहिले आणि मांजरांचा जाणकार डॉक्टर दुसऱ्या गावी असतो, तिथे तर घरून फोनवर पाठवलेले आकडे हाच उपचाराचा मुख्य आधार ठरू शकतो.

काही मांजरे कानाला हात लावू देणार नाहीत, काही घरांत थरथरत्या हातांचे एकटे वृद्ध असतील, काहींची कामाची वेळ आड येईल. त्यांना दोषी ठरवण्याचे कारण नाही. परवडत असेल तर कातडीवर चिकटवायचा, काही दिवस सतत साखर टिपणारा सेन्सर वापरता येतो. मात्र त्याने दाखवलेला फार खालचा आकडा रक्ताच्या थेंबाने पडताळावा लागतो. तेही जमत नसेल, तर डॉक्टरांनी उद्दिष्टच बदलावे. साखर काटेकोर आणण्याचा हट्ट सोडून डोस मुद्दाम कमी ठेवावा आणि तहान, वजन व फ्रुक्टोसामाइन यांवर नजर ठेवावी. असे का ठरवले, हे घरच्यांना समजावून सांगावे, म्हणजे डोस कमी वाटतो म्हणून तो ते आपल्या मनाने वाढवणार नाहीत.