रंगाआधीची सफाई



बाहुली हाती आली की मन आधी रंगाकडे धावते. पण चिनी मातीच्या बाहुलीचा चेहरा खरा घडतो तो रंगाआधीच्या सफाईत. ही सफाई चुकीच्या रीतीने केली तर बाहुली बिघडते आणि करणारीची छातीही बिघडते. म्हणून आज सफाईविषयीच बोलू या.

चिनी माती, फेल्स्पार आणि गारगोटीची पूड पाण्यात कालवून तो पातळ काला प्लास्टरच्या साच्यात ओततात. साचा पाणी शोषतो, आतून मातीचा थर धरतो आणि उरलेला काला ओतून टाकतात. साचा दोन भागांचा असतो, म्हणून नगावर दोन्ही बाजूंनी जोडाची रेघ उमटते. ती आधीच काढावी लागते. भट्टीत 1200 अंशांच्या वर भाजल्यावर माती दगडासारखी होते, मग राहिलेली रेघ रंगाखालीही लपत नाही.

माती पुरती वाळण्याआधी, थोडी ओल असतानाच बोथट सुरीने जोड हलकेच उतरवावा. मग पिळून घेतलेल्या स्पंजाने गाल, कपाळ, कानामागची जागा पुसावी. पाणी फार झाले तर कच्चा नग विरघळतो. वाळलेला नग पापडासारखा ठिसूळ असतो, तो दोन्ही हातांनी धरावा. दुसरी रीत अधिक चांगली. नग आधी 700 अंशांच्या आसपास हलका भाजून घ्यावा, मग पाण्यात भिजवून पाण्यातच घासावा. पक्क्या भाजणीनंतर बारीक पॉलिश पेपर ओला करून पुन्हा एक हात द्यावा, धुऊन वाळवावे आणि मग चेहऱ्याला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा राहिला तर रंग नीट धरत नाही.

एवढा पाण्याचा आग्रह का? वाळलेला नग कोरडा घासला तर पिठासारखी धूळ उडते आणि तिच्यात गारगोटी असते. नवापूरच्या किनाऱ्यावरची वाळू वाऱ्याने तोंडावर आली तर आपण थुंकून टाकतो, तिचा कण मोठा असतो. ही धूळ डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक, ती थेट फुप्फुसात जाऊन बसते. वर्षानुवर्षे गेली तर सिलिकोसिस होतो. तो बरा करणारे औषध नाही, आणि अशा छातीला क्षयाचा धोका वाढतो. नाकावर पदर बांधल्याने ही धूळ अडत नाही.

म्हणून घासकाम ओलेच करावे. पडलेली पूड फुंकू नये, झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. स्वयंपाकाच्या जागी किंवा लेकरू निजले आहे त्या खोलीत हे काम नको. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. प्लास्टरची बाहुली मात्र पाण्यात बुडवू नये, किंचित ओल्या स्पंजाने साफ करावी.

या बाहुल्यांचे माहेर जर्मनीतील थुरिंगिया. तेथील सोनेबर्ग भागात एकोणिसाव्या शतकात खेळण्यांचे काम घराघरांत चाले, मुलेबाळेही त्यात राबत. श्रीमंतांच्या पोरींच्या खेळण्यामागे गरिबांच्या पोरींचे हात होते. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याचा रोग ठरवला. पण तो कायदा कारखान्याचा होता. तारापूरच्या वसाहतीत कामाला जाणाऱ्याच्या नावाची निदान हजेरी लागते. घरात नगावर मजुरी घेणाऱ्या बाईच्या खोकल्याची नोंद कोण ठेवणार?

नगावर मजुरी असली की हात घाई करतो, आणि कोरडे घासणे झटपट होते. काम देणारा घाई करू लागला तर त्याला स्पष्ट सांगा, हलका भाजलेला नग द्या, नाहीतर ओल्या कामाचा वेळ धरून मजुरी द्या. दिवसाला दोन नग कमी झाले तरी चालतील. बाहुली फुटली तर दुसरी ओतता येते, छातीचे तसे नाही.