पंतांचं लंघन

आमच्या मिनेसोटातल्या घरात एक साप आहे, त्याचं नाव पंत, आणि थंडी पडली की तो अन्न सोडतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी नातेवाइकांनी केव्हाच पचवल्या. तिसरी कुणालाच पचत नाही. साप पाळलाय म्हटल्यावर नुसतं ‘बरं’ म्हणणारी माणसं, तो जेवत नाही म्हटल्यावर हवालदिल होतात. सांगलीहून आईचा फोन येतो, माझ्या गुडघ्याची चौकशी उरकते आणि पुढचा प्रश्न ठरलेला: “पंत जेवले का रे?” नाही म्हटलं की पलीकडून सुस्कारा. “असं कसं? घरात एक जीव उपाशी ठेवून तुम्हाला घास तरी कसा जातो?”

पंत बॉल पायथन जातीचे. इंग्लंडात याच जातीला रॉयल पायथन म्हणतात. मूळ मुलूख पश्चिम आफ्रिका. घाना, टोगो, बेनिन हा पट्टा. हा अजगरच, पण अजगर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतं तसलं धूड नव्हे. पूर्ण वाढलेला नर जेमतेम तीन-साडेतीन फूट, बिनविषारी, आणि इतका भित्रा की घाबरला तर चावायच्या ऐवजी अंगाचा गोळा करून डोकं आत लपवतो. लेक सातवीत असताना हट्ट करून तिनं तो आणला. त्याची संथ चाल बघून आईनं त्याचं नाव पंत ठेवलं आणि मग आदरार्थी बहुवचन आपोआपच आलं. लेक कॉलेजला गेली. होस्टेलमध्ये साप चालत नाही. पंत आमच्याकडे राहिले.

पंतांचं जेवण म्हणजे गोठवलेले उंदीर. इथे ते रीतसर पाकिटात, मापाप्रमाणे मिळतात. अंगावर लव नसलेलं पिल्लू ‘पिंकी’, लव फुटली की ‘फझी’, उड्या मारायला लागलं की ‘हॉपर’, आणि पुढे चढत्या भाजणीनं मोठे. पंतांना ऐंशी-नव्वद ग्रॅमचा ‘स्मॉल रॅट’ लागतो. मापाचा नियम सोपा आहे: भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, त्याहून जास्त नको. आमच्या फ्रीजरमध्ये खोवलेला नारळ, मटार आणि गोठवलेल्या पुरणपोळ्या असतात. त्यांच्या शेजारी उंदीर ठेवायला बायकोनं साफ नकार दिला, तेव्हा गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीजर आला. तिचा नकार नुसता सोवळ्याचा नव्हता. साप आणि त्यांचे उंदीर, दोघांकडूनही साल्मोनेलाचे जंतू येऊ शकतात. त्यांना स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, असं इथलं आरोग्य खातंही सांगतं.

पान वाढायची तयारी सकाळपासून चालते. उंदीर पिशवीसकट गार पाण्यात सोडायचा. संध्याकाळी मऊ पडला की नळाच्या कढत पाण्यात थोडा वेळ. मायक्रोवेव्हच्या वाटेला कुणी जाऊ नये: बाहेरून शिजतो, आत बर्फ राहतो, क्वचित फुटतोही. मग पुसून कोरडा करायचा आणि डोक्याला हेअर ड्रायरची ऊब द्यायची. थर्मामीटरवर ३८-३९ अंश दिसले की झालं. एवढा खटाटोप अशासाठी की पंतांच्या वरच्या ओठावर बारीक खळग्यांची रांग आहे आणि अंधारात भक्ष्याची ऊब त्यांना त्यातून जाणवते. या खळग्यांतला ऊब ओळखणारा रेणू कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं २०१० साली शोधला. माणसाच्या अंगात त्याच रेणूचा भाऊबंद मोहरीची झणझण ओळखतो. मिरची खाल्ल्यावर आग का होते याचा छडा लावता लावता ज्यांना २०२१ चं नोबेल मिळालं, ते हेच ज्युलियस. आमचे पंत गार उंदराकडे ढुंकून बघत नाहीत, त्यामागे एवढं शास्त्र आहे.

उन्हाळ्यात हे सगळं पाहण्याजोगं असतं. लांब चिमट्यात धरलेला उंदीर खोक्याच्या तोंडाशी नेला की आधी जीभ बाहेर येते, दोनदा-तीनदा. मग मान हळूहळू मागे आखडते. पुढचं डोळ्यांना नीट दिसतच नाही. दिसतो तो विळखा. असा विळखा भक्ष्याला गुदमरवून मारतो असं आपण ऐकत आलो, पण बोआ सापांवरच्या प्रयोगांत दिसलं की आवळल्यामुळे रक्ताभिसरणच थांबतं. पेन्सिल्वेनियातल्या संशोधकांनी तर मेलेल्या उंदरात खोटे ठोके देणारं हृदय बसवून पाहिलं. ठोके चालू असेतो साप जास्त वेळ आणि जास्त जोरानं आवळत राहिले. म्हणून पंतांनी विळखा घातला की मी चिमट्यानं शेपटी हलकेच ओढतो. त्यांनाही शिकार केल्यासारखं वाटतं. मग विळखा सैल होतो, पंत नाकानं उंदराचं डोकं शोधतात आणि आधी डावा जबडा पुढे, मग उजवा, असं करत गिळत जातात. शेपटीचं टोक दिसेनासं झालं की दोन-तीन लांब जांभया. त्या झोपेच्या नसतात, जबडे जागेवर बसवायच्या असतात. पण पाहुण्यांना वाटतं, सुस्ती आली.

नोव्हेंबर लागतो आणि हाच गृहस्थ तोच उंदीर, त्याच उबेचा, त्याच चिमट्यातून आला तरी नुसता हुंगतो आणि मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा तोंड फिरवून खोक्यात जातो.

अशा वेळी पाळणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे सापाकडे न बघता त्याच्या घराकडे बघणं. बहुतेक नखरे तिथेच निघतात. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी २६ च्या आसपास. बाहेर उणे पंचवीस असताना हे राखायचं तर थर्मोस्टॅट बिनचूक हवा. हवा दमट हवी, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. आणि कात टाकायच्या आधी डोळे दुधी झाले की तेवढे दिवस जेवण नाहीच. सगळ्यात महत्त्वाची लपायची जागा. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण पंतांच्या जातीला अक्षरशः लागू आहे: आफ्रिकेत ते उंदरांची बिळं नाहीतर वारुळं गाठतात आणि दिवसभर तिथे पडून राहतात. चारही बाजूंनी अंग टेकेल अशी खोकी दोन हवीत, एक गरम बाजूला, एक गार. हौसेनं आणलेली मोठी काचेची पेटी आपल्याला देखणी दिसते. सापाला मात्र ती चव्हाट्यावर बसवल्यासारखी वाटत असणार.

हे सगळं जागेवर असलं तरी न जेवणारे असतातच. नायजेरियातल्या रॉयल पायथनांचा अभ्यास झाला होता, १९९८ साली तो छापून आला. लहान चणीचे नर झाडांवर जास्त असतात आणि पक्षी जास्त खातात. जाडजूड माद्या जमिनीवरच्या उंदरांवर जगतात, असं त्यात दिसलं. ते वाचल्यापासून पंतांच्या रुसव्याबद्दल माझं मत जरा निवळलं. आपण ज्याला नखरा म्हणतो ती त्यांच्या घराण्याची चव असू शकते. तेव्हा उंदराला कोंबडीच्या पिलाचा वास लावून देणं ही युक्ती अगदीच वेडगळ नाही. कित्येक साप त्याला भुलतात. दुसऱ्याही युक्त्या आहेत: दिवे मालवून खायला देणं, पेटीवर चादर टाकणं, उंदीर खोक्याच्या दारात ठेवून रात्रभर तिकडे न फिरकणं. जिवंत उंदीर सोडणं मात्र माझ्या मते निव्वळ क्रूरपणा आहे, आणि दोघांच्याही बाबतीत. भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो. पाठीवर तसले व्रण असलेला साप मी पाहिलाय.

आणि तरीही पंत जेवले नाहीत, तर काय? तर काही नाही. पाळीव नरांमध्ये साधारण नोव्हेंबर ते मार्च या विणीच्या काळात हे सर्रास दिसतं. त्यांच्या अंगात स्वतःची ऊब निर्माण करायचा खर्च नसतो, म्हणून चार महिन्यांच्या उपवासातही ते फारसे झिजत नाहीत. इथे वजनकाटा कामाला येतो. ऑक्टोबरात पंत १४३० ग्रॅम होते, फेब्रुवारीअखेर १३८५. दहावा हिस्सा घटला, श्वासाला घरघर लागली किंवा तोंडात चिकटा दिसला तर मात्र डॉक्टर गाठायचा. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून पाहिलं, शी तपासली आणि औषध म्हणून ‘त्याला एकटा सोडा’ एवढंच सांगितलं. फी मात्र पूर्ण.

आईला हे अजिबात मान्य नाही. “नाक दाबलं की तोंड उघडतं,” ती म्हणाली. तिनं आम्हा भावंडांना खरोखरच असं वाढवलंय. सापाच्या तोंडात उंदीर कोंबणारे लोक आहेत, आणि वाळत चाललेल्या पिल्लासाठी जाणत्या हातानं ते करावंही लागतं. पण धडधाकट सापावर हा प्रयोग केला तर घशाला इजा होते, साप धसका घेतो आणि खाल्लेलं ओकून टाकतो. ओकल्यावर पुन्हा निदान दोन आठवडे खायला देता येत नाही. आग्रह ही आपल्याकडे मोठी गोष्ट. पानात वाढलेलं ‘नको’ म्हटलं तरी आणखी पडतं, ते यजमानाच्या समाधानासाठी. पाहुण्याच्या भुकेशी त्याचा संबंध कमीच. पंतांपुढे ही वाढण्याची हौसच निकामी ठरते. मला हा साप आवडायला लागला तो यामुळे, असं म्हटलं तरी चालेल.

या दिवसांत त्यांना हातातही कमी घ्यावं. एरवीचे नियम साधे आहेत. आधी हात धुवायचे. बोटांना उंदराचा वास असला तर बोटच उंदीर ठरतं. वरून झडप घातल्यासारखा हात न्यायचा नाही, कारण वरून येतो तो शिकारी पक्षी. आधी लांब आकडीनं अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे ही जेवणाची वेळ नव्हे हे त्यांना समजतं. मग बाजूनं, अंगाच्या मध्यावर हात घालून उचलायचं आणि दोन्ही हातांनी पेलायचं. डोकं धरायचं नाही. ते पुढे सरकतील तसा एक हात पुढे, एक मागे. अंग कोरडं लागतं, आणि मनगटाभोवती शेपटीची पकड बसली की कातडीखालचे स्नायू एकामागून एक सरकताना कळतात. जेवणानंतरचे दोन दिवस हात लावायचाच नाही. जेवल्यावर अजगराच्या पोटात काय चालतं त्याचा अंदाज ब्रह्मदेशी अजगरावरून येतो: त्याचं हृदयसुद्धा दोन दिवसांत ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलंय. एवढं कारखान्यासारखं काम चालू असताना त्यांना पाहुण्यांच्या हातांवरून फिरवणं हा शुद्ध आचरटपणा.

आईचं माहेर बत्तीस शिराळ्याजवळचं. लहानपणी तिनं नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक पाहिली आहे. न्यायालयाच्या आदेशानंतर ती थांबली. दूध पिणारा नाग हा त्या वेळच्या सगळ्यांच्या श्रद्धेचा भाग. पाण्यावाचून ठेवलेला साप समोर येईल ते पातळ पितो आणि दूध त्याला बाधतं, हे तिला पटवायला मला बराच वेळ लागला. पण बेनिनमधल्या उईदा गावात पंतांच्याच जातीचं देऊळ आहे, हे सांगितल्यावर ती एकदम ऐकायला लागली. तिथे हे अजगर देवळात राहतात, अधूनमधून रात्री त्यांना मोकळं सोडतात, स्वतःचं भक्ष्य ते स्वतः शोधतात. कुणाच्या घरात शिरले तर घरची माणसं त्यांना मानानं उचलून देवळात परत नेतात. “बघ,” आई म्हणाली, “मोकळं सोडतात म्हणून जेवतात.” यावर मला उत्तर सुचलं नाही.

कोल्हापूरच्या भाच्याला मात्र मी स्पष्ट सांगितलंय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं भारतातला कुठलाही साप घरात ठेवायची सोय नाही. बॉल पायथनसारखी परदेशी जात असली तरी २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. चोरून आलेला, कागद नसलेला साप घेणं म्हणजे त्याच्या हालांत भर घालणं. हौस असेल तर कात्रजच्या सर्पोद्यानात जा, तिथल्या माणसांना प्रश्न विचार.

पंत यंदा मार्चअखेरीस जेवले. कोंबडीचा वास नाही, चादर नाही; नेहमीचाच उंदीर, नेहमीच्याच चिमट्यातून. आईनं फोनवर देवाला साखर ठेवल्याचं सांगितलं.

आता प्रश्न वेगळाच आहे. लेकीला नोकरी लागली ती सिएटलला, आणि तिथला घरमालकही साप नको म्हणतो. “बाबा, तू त्याला सांभाळशील ना अजून थोडी वर्षं?” असं ती लाडानं विचारते. या जातीची थोडी वर्षं म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक आहे. नीट सांभाळलेला बॉल पायथन तीस वर्षं सहज काढतो. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीनं २०२० मध्ये, साठी उलटल्यावर, सात अंडी घातली, तीही पंधरा-सोळा वर्षं नराचं तोंड न पाहता. आमचे पंत दहा वर्षांचे, मी अठ्ठावन्नचा. गेल्या महिन्यात मृत्युपत्र करायला बसलो तेव्हा पंतांची तजवीज त्यात घालावी लागली. वकिलानं विचारलं, नात्याच्या रकान्यात काय लिहू? मी विचार करत होतो, तोवर बायको म्हणाली, “आश्रित लिहा.”