पांढरी एक की पांढरी सात?

"विचारलं तर सांगू." माझ्या मामाचं हे वाक्य गेले तीन महिने डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा लेख.

मामा पुण्यात जुनं फर्निचर दुरुस्त करून विकतो. गेल्या दिवाळीत त्याने कॅम्पातल्या एका बंगल्यातून शंभरी गाठलेला उभा पियानो उचलून आणला. आत उंदरांचं घरटं, हातोड्यांच्या नमद्याला कसर, पावसाळे खाऊन फुगलेल्या, अडकलेल्या पट्ट्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही हाताखाली होतो. ८५ पट्ट्या (हल्लीच्या पियानोला ८८ असतात) एकेक काढून, नंबर घालून, साफ करून परत बसवल्या. मामाने लाखेचं असं पॉलिश मारलं की त्यात बघून भांग पाडावा!

पण खरी गोम आत होती. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तो पेलते बिडाची चौकट. ट्यूनिंग करणारे काका आले, खुंट्या पिळून बघितल्या आणि म्हणाले, "तारा गंजल्यात, खुंट्या सैल आहेत. ४४० ला न्यायला गेलो तर तुटतील. अर्धा सूर खाली ठेवतो." म्हणजे मधला 'ए' ४४० हर्ट्‌झऐवजी ४१५ च्या आसपास. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो हे आपण फिजिक्सला घोकलंय. अर्धा सूर उतरवला की तो जवळजवळ ११ टक्क्यांनी कमी होतो. उपाय योग्यच होता. एकटा वाजवला तर पियानो सुरेल. पण पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एक दाबली की ऐकू येणार पांढरी सात. सोबत कोणी कीबोर्ड घेऊन बसलं की बोंब!

मामाने किंमत ठरवली ८५ हजार. मी म्हटलं, "अर्ध्या सुराचं सांगणार ना?" त्यावर ते वरचं वाक्य.

माझं म्हणणं, विचारायला आधी माहीत तर पाहिजे! ज्याला कळतं तो विचारतोच. ज्याला कळत नाही तो पॉलिश बघतो आणि 'अँटिक' या शब्दाला भुलतो. जुन्या व्हायोलिनला लोक लाखो मोजतात, म्हणून वाटतं पियानोही मुरतो. मुरायला ते काय लोणचं आहे? हजारो सुट्या भागांचं यंत्र आहे ते, झिजतं. आणि आपण तरी काय वेगळे? फायनल इयरवाले फर्स्ट इयरच्या पोरांना ड्राफ्टर विकतात, त्याचा स्क्रू घसरतो हे कोण सांगतं? (मी घेतलेला घसरायचा. मीही तो गुपचूप पुढे खपवला, हे कबूल.)

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक जोडपं आलं, दहा वर्षांच्या मुलीला घेऊन. तिला ट्रिनिटीच्या परीक्षा द्यायच्या होत्या. म्हणजे घरी कान एका सुराला बसणार आणि परीक्षेला पियानो दुसऱ्या सुराचा! मुलगी मन लावून वाजवत होती. आई पॉलिशवरून हात फिरवत होती. कोणी काही विचारलं नाही. मी सांगून टाकलं. "कळवतो" म्हणून ते गेले, ते गेलेच.

मामा पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. तो लबाड नाही हो. लाकडाला कीड असेल तर स्वतःहून दाखवतो. सूर त्याला किडीसारखा डोळ्यांनी दिसत नाही, एवढंच. शिवाय त्याचे पैसे दिवाळीपासून अडकले होते आणि दुकानाचं भाडं काही थांबत नाही. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

कॉलेज सुरू व्हायच्या आठवड्यात एका निवृत्त गृहस्थांनी पियानो ५५ हजारांना नेला. त्यांना एकट्यालाच वाजवायचा होता. टेम्पोत चढवायच्या आधी मामाने मला बोलावलं, झाकणाच्या आत डकवायला चिठ्ठी लिही म्हणाला. "तारा जुन्या, सूर अर्धा खाली." त्यात त्याला किती सुटले, ते मात्र त्याने अजून सांगितलेलं नाही.