नांगर एक, दोर दोन

बालमित्रांनो, शेतातला नांगर तुम्ही पाहिलाच असेल. होडीचाही एक नांगर असतो. तो पाण्याच्या तळात रुततो आणि होडीला धरून ठेवतो. झालं, होडी थांबली! पण खरी गंमत तर पुढेच आहे.

छोटी शिडाची होडी एकाच दोराने बांधली, तर ती वाऱ्यात स्वस्थ बसत नाही. शीड उतरवलं तरी डोलकाठीवर आणि अंगावर वारा आदळतोच. होडी डावीकडे धावते, दोर ताणला की हिसका बसतो, मग उजवीकडे धावते. रात्रभर असे हिसके बसले तर नांगर उपटू शकतो. माणसं आत झोपलेली आणि होडी चालली खडकाकडे!

यावर एक साधी युक्ती आहे. कॅटमरान म्हणजे शेजारीशेजारी जोडलेल्या दोन अंगांची होडी. तमिळ भाषेतल्या ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडं, या शब्दावरून हे नाव आलं. तिच्या दोन्ही टोकांना सारख्या लांबीचे दोन दोर बांधतात आणि ते पुढे नांगराच्या दोराला जोडतात. इंग्रजी ‘वाय’सारखा आकार होतो. याला म्हणतात ब्रायडल, म्हणजे लगाम! होडी ज्या बाजूला वळते, त्या बाजूचा दोर ताणतो, दुसरा सैल पडतो आणि तोंड पुन्हा सरळ होतं.

हे दोर फार आखूड नकोत. दोघांनी मिळून पाण्याची बादली उचलून पाहा. जवळजवळ उभे राहिलात तर सोपं जातं; लांब सरकलात की हात भरून येतात. दोरांचंही तसंच. म्हणून प्रत्येक दोर निदान दोन टोकांमधल्या अंतराएवढा तरी हवा. नायलॉनचा दोर थोडा ताणतो, त्यामुळे हिसका कमी बसतो. दोर जिथे घासतो तिथे जाड कापड गुंडाळतात.

आता प्रयोग! झाकण लावलेल्या दोन सारख्या रिकाम्या बाटल्या दोन काड्यांनी शेजारीशेजारी बांधा. वर पुठ्ठ्याचं शीड उभं करा. ही होडी घरातल्या टबात सोडा. विहिरीवर किंवा तळ्यावर मुळीच जाऊ नका. आधी एकाच बाटलीच्या तोंडाला दोरा बांधून धरा आणि समोरून वहीने वारा घाला. होडी तिरकी होईल. मग दोन्ही तोंडांना सारखे दोरे बांधून पुढे गाठ मारा. काय फरक पडला? आईबाबांनाही दाखवा आणि एक दोरा मुद्दाम आखूड करून काय होतं, तेही वहीत लिहून ठेवा!