ताटातले अंडे काढले, हातात डबा दिला

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांतील मुले पहाटे मैदानावर दिसू लागतात. सोळाशे मीटर धावणे, गोळाफेक यांचा सराव सुरू होतो. लगेच जिममधला कोणीतरी कानमंत्र देतो, 'प्रोटीनचा डबा घे, त्याशिवाय बॉडी बनत नाही.' आई दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करते आणि पोरगा उसनवारी करून हजारोंचा डबा आणतो. ही लूट चळवळीने किती काळ पाहत राहायची?

प्रथिने लागतात, यात वाद नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. कसून सराव करणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. पण ती डब्यातूनच मिळतात, हे कोणी सांगितले? एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम फुटाण्यांत २०, शेंगदाण्यांत २५, सोयाबीनच्या वड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. शिवाय सुकट-बोंबील आपल्या घरात नवे नाहीत. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असे याच संस्थेने २०२४ मध्ये सांगितले आहे.

भेसळीच्या डब्यात स्टेरॉइड निघाले तर? उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांत 'मला माहीत नव्हते' एवढे सांगून खेळाडू सुटत नाही. शरीरात जे सापडेल त्याला तोच जबाबदार धरला जातो. संशय असेल तर अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. म्हणून पक्के बिल घ्या, हक्क वापरा.

खरा प्रश्न मात्र त्याआधीचा आहे. शरीराचा पाया शाळेच्या वयात घातला जातो. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. अंडे हवे असेल तर लोकवर्गणी काढा, असा सल्ला दिला! जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे अनुच्छेद ४७ सांगते. ते कर्तव्य वर्गणीवर चालते काय?

सरकारने ताटातले अंडे काढायचे आणि बाजाराने त्याच पोराला पुढे डबा विकायचा, हा व्यवहार ओळखा. तरुणांनो, डब्याचे पैसे अंडी-फुटाण्यांवर खर्च करा. आणि पालकांनो, ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत उभे राहून मुलांच्या हक्काचे अंडे मागा.