टीव्ही फुकट, संमती कुणाची?

आमच्या वस्तीतल्या बचत गटाची बैठक आळीपाळीने एकेकीच्या घरी होते. गेल्या महिन्यात जिच्या घरी होती, त्या ताईंनी हप्त्यावर नवा स्मार्ट टीव्ही घेतलाय. केबल बंद केलीय. "महिन्याचे तीनशे रुपये वाचतात, यात चॅनेल फुकटच येतात," त्या खुशीत सांगत होत्या. हिशेबाची वही निघेपर्यंत टीव्ही चालू होता. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची सासू-सुनेची मालिका आणि मध्येच सोनेतारण कर्जाची जाहिरात. शेजारच्या ताई म्हणाल्या, "आमच्याकडे हेच चॅनेल लागतं, पण आम्हांला तर क्लासची जाहिरात दिसते. तुम्हांला कर्जाची कशी?"

प्रश्न हसण्यावारी गेला. माझ्या मात्र डोक्यात राहिला, कारण सगळा व्यवहार त्याच प्रश्नात आहे.

या चॅनेलना धंद्याच्या भाषेत 'फास्ट' म्हणतात. म्हणजे वर्गणी न घेता, जाहिरातींच्या पैशांवर, इंटरनेटवरून येणारी चॅनेल. अमेरिकेत २०१४ साली प्लूटो टीव्ही सुरू झाला. २०१९ मध्ये व्हायकॉम कंपनीने तो ३४ कोटी डॉलरना विकत घेतला, तेव्हा यात किती पैसा आहे ते बाकीच्यांना कळलं. आपल्याकडे २०२१ मध्ये सॅमसंगने आपल्या संचांवर अशी चॅनेल आणली. आता इतरही कंपन्यांच्या संचात ती आधीपासूनच बसवलेली असतात.

दिसायला ती केबलच्या चॅनेलसारखीच. एकामागून एक कार्यक्रम लागतात, आपण निवडायचं काही नाही. बहुतेक माल जुना, कारण जुन्या मालिकांचे हक्क स्वस्त पडतात. फरक जाहिरातीच्या जागी आहे. केबलवर एका चॅनेलची जाहिरात एका वेळी साधारण सगळ्यांना सारखीच दिसते. इथे कार्यक्रमात जाहिरातीसाठी खुणा केलेल्या असतात. ती खूण आली की कंपनीचा संगणक विचारतो, हे घर कुठलं, इथे काय पाहिलं जातं, या घरासाठी कोण किती पैसे देतंय. डोळ्याचं पातं लवायच्या आत बोली लागते आणि जिंकणाऱ्याची जाहिरात त्या घरापुरती जोडली जाते. येणारा पैसा चॅनेलवाला, संच बनवणारी कंपनी आणि मधले दलाल वाटून घेतात. शेजारणींच्या दोन भिंतींवर एकाच मालिकेत दोन जाहिराती दिसतात त्या अशा.

बोली चांगली लागायची तर घराची माहिती हवी. ती कुठून येते, हे अमेरिकेतल्या व्हिझिओ या टीव्ही कंपनीच्या खटल्यात उघड झालं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१७ साली कारवाई केली. फेब्रुवारी २०१४ पासून या कंपनीचे संच पडद्यावरच्या चित्राचे ठिपके टिपून काय चाललंय ते ओळखत होते. केबल असो की डीव्हीडी, क्षणाक्षणाची नोंद होत होती. असे १ कोटी १० लाख संच. पाहणाऱ्यांना पत्ता नव्हता. पुढचं तर आपण नीट वाचायला हवं. या नोंदींना त्या घरातल्या माणसांचं लिंग, वय, उत्पन्न, शिक्षण, विवाहित की अविवाहित, घरात माणसं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, अशी माहिती जोडायची सोय केली गेली आणि हे सगळं बाहेर विकलं गेलं. कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. यापुढे स्पष्ट सांगून, होकार घेऊनच नोंद करायची, असा हुकूम झाला. २०१८ मध्ये याच कंपनीने स्वतःची फुकट चॅनेल सुरू केली. २०२१ पर्यंत तिला संच विकून जेवढा नफा होई त्याहून जास्त जाहिराती आणि माहितीच्या धंद्यातून होऊ लागला. आणि २०२४ च्या शेवटी वॉलमार्टने, म्हणजे किराण्यापासून कपड्यांपर्यंत सगळं विकणाऱ्या दुकानदाराने, ती विकत घेतली. बाईने काय पाहिलं आणि नंतर काय विकत घेतलं, हे एकाच वहीत मांडता यावं, याहून वेगळं कारण मला दिसत नाही.

"आपल्याकडे काय एवढं लपवण्यासारखं आहे?" असं बैठकीत एकीने विचारलंच. मी समुपदेशन केंद्रात काम करते. नवऱ्याच्या नकळत पोटगीची, घटस्फोटाची, गर्भपाताच्या कायद्याची माहिती शोधणाऱ्या बायका रोज भेटतात. त्यातल्या कितीतरी जणी दुपारी, घर रिकामं असताना, टीव्हीवरच असे कार्यक्रम लावतात. मोबाईल तपासला जातो हे त्यांना ठाऊक असतं, टीव्ही कुणी तपासेल असं वाटत नाही. पण संच नवऱ्याच्या खात्याने चालू असेल, तर 'आधी काय पाहिलं' ती यादीही तिथेच. त्या विषयाची जाहिरात संध्याकाळी सगळे जेवायला बसलेले असताना लागली, तर काय होईल ते आपल्याला सांगायला नको.

मी ताईंना विचारलं, टीव्ही लावला तेव्हा 'मान्य आहे' कुणी दाबलं? त्या म्हणाल्या, "बसवायला आलेल्या पोराने. इंग्रजीत होतं सगळं. त्यांचा मोबाईल नंबर घातला न् दाबत गेला." 'त्यांचा' म्हणजे नवऱ्याचा. दिवसभर तो टीव्ही बघतात ताई, सासूबाई आणि दोन मुली. होकार दिला कारागिराने, खातं नवऱ्याचं, आणि नोंद होते चार बायकांची. संमती या शब्दासाठी आपण पोलीस ठाण्यात, कोर्टात, घराघरांत किती वर्षं भांडतोय! गप्प राहणं म्हणजे हो नव्हे, दुसऱ्याने दिलेला होकार आपला नव्हे, हे शिबिराशिबिरांतून शिकवलं. ते या पाटीला लागू नाही का?

टीआरपी मोजायचा जुना प्रकारही निर्दोष नाही, त्यातल्या गैरप्रकारांवर २०२० मध्ये मुंबईत गुन्हा दाखल झाला होता. पण तिथे निवडक घरांत, घरच्यांना विचारून पेटी बसवतात आणि घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण असतं. आजीचंही. निदान पाहणारी कोण, हे तिला विचारलं जातं.

फुकट नकोच, असं मला म्हणायचं नाही. तीनशे रुपये म्हणजे आमच्या गटातल्या बाईची दीड महिन्याची बचत. ज्यांच्याकडे इतर करमणुकीला वाव नाही त्यांना टीव्ही बंद करा म्हणणं मला कधी पटलेलं नाही, आपल्याच चळवळीतल्या काही जणींनी ते केलं तरी. आणि फुकट वेगळ्या तऱ्हेनेही देता येतं. दूरदर्शनची फ्री डिश २००४ पासून आहे. छपरावरची ती तबकडी नुसतं घेते, घरातलं बाहेर काही पाठवत नाही. खाजगी चॅनेल तिथे जागेसाठी लिलावात पैसे मोजतात. जाहिराती तिथेही आहेत, पण त्या कुणाचं घर ओळखून येत नाहीत.

आपल्याकडे खाजगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती घेण्याआधीची सूचना मराठीसह बावीस भाषांत वाचता आली पाहिजे, असं कायदा म्हणतो. मग टीव्हीच्या पडद्यावर ती मराठीत का नाही, हा प्रश्न दुकानदारापासून मंत्रालयापर्यंत विचारायला लागलं पाहिजे. आणि एका संचाला अनेक माणसं पाहतात तेव्हा होकार कुणाचा धरायचा, यावर आपल्यातल्या वकील मैत्रिणींनी लिहावं अशी माझी विनंती आहे.

बैठक संपल्यावर ताईंच्या थोरल्या मुलीने रिमोट हातात घेतला. सेटिंगमध्ये अटी आणि गोपनीयतेच्या पानापर्यंत पोचायला तिला दहा-बारा मिनिटं लागली. तीन होकार आधीच दिलेले होते. दोन तिने काढले, तिसरा काढला तर चॅनेल बंद होतील अशी पाटी आली. सासूबाईंची मालिका रंगात आली होती, म्हणून तो तसाच ठेवला. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपापल्या टीव्हीवरच्या त्या पानाचा फोटो काढून आणायचा ठरलाय.