छडी आणि तक्रारपेटी

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराची वार्ता फुटली, संतप्त जमावाने रेल्वेमार्ग रोखून धरला, मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, आणि मग सरकारी दप्तरातून जी फर्माने सुटली त्यांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी यांचा समावेश होता. यांतली एकही तजवीज अनावश्यक नाही. परंतु मूल तक्रार करील, या ज्या गृहीतावर बहुतेक बंदोबस्त उभा आहे, ते गृहीत आपल्या शाळांत कितपत खरे ठरते, याची चौकशी कोणी केलेली दिसत नाही.

पहिलीत पाऊल टाकल्यापासून ज्या मुलाच्या अंगी असे बाणवले जाते, की गुरुजींनी कान पिरगळला, पेरांवर पट्टी मारली किंवा भर वर्गात अंगठे धरायला लावले तर खाली मान घालून सोसावे, आणि घरी बोलल्यास ‘तूच काहीतरी केलं असशील’ म्हणून आणखी एक धपाटा खावा, त्या मुलाने शिस्तीचा हात कोणता आणि अत्याचाराचा कोणता, हा विवेक आणायचा तरी कोठून? छडी मुलाला अभ्यास शिकवते की नाही, हा वाद जुना आहे. मुकाट राहणे मात्र ती हटकून शिकवते.

तिला कायद्याची मुभा उरलेली नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई केली. पण मनाई मोडणाऱ्यावर त्याच कलमान्वये होते ती सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई, आणि ती करणार संस्थाचालक, ज्यांना आपल्या शाळेच्या अब्रूची चिंता अधिक. केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी मार खाल्ल्याचे सांगितले होते. ‘गुरुजी, मारा, पण पोराला शिकवा’ असे आर्जवाने सांगणारे पालक आजही भेटतात, आणि दोष एकट्या शिक्षकावर लोटणे मला अन्यायाचे वाटते. भरगच्च वर्ग, त्यात निवडणूक आणि जनगणनेच्या कामांचा तगादा, यांनी त्रासलेल्या माणसाचा हात उठतो तो बहुधा दुष्टपणाने नव्हे, तर दुसरा इलाज त्याला कोणी शिकवलेला नसतो म्हणून. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या बालमंदिरात भय आणि मार यांवाचून मुले शिकवून दाखवली, त्यालाही आता शतक होऊन गेले. आमच्या अध्यापक विद्यालयांत ते प्रश्नपत्रिकेतील एका टिपेपुरते उरले आहे.

एका शाळेतील तक्रारपेटी मी निरखून पाहिली आहे. मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारी, शिपाई स्टूल टाकून बसतो त्याच्या बरोबर डोक्यावर, मोठ्या माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर ती टांगली होती; कुलूप गंजलेले, आणि किल्ली अर्थातच मुख्याध्यापकांच्या खणात. ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्याच्याच दारी ती नेऊन टाकायची, असा हा न्याय. शिवाय बदलापूरच्या त्या बालिकांना चिठ्ठी लिहिता येण्याचे वयही नव्हते. त्यांचे दुःख उघडकीस आले ते घरच्या माणसांनी ऐकून घेतले म्हणून. आणि ते ऐकून पोलिसांत गेलेल्या आईबापांना तेथेही तासन् तास तिष्ठत बसावे लागले.

तेव्हा दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. अनुदानित आणि सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. पेटीची किल्ली त्यांतील एखाद्या आईच्या हाती द्यावी आणि दर आठवड्यास ती पेटी तिनेच उघडावी. आणि जेथे मुलांना लिहिता येत नाही त्या वर्गांसाठी, शाळेच्या पगारावर नसलेल्या एखाद्या बाईने ठराविक दिवशी येऊन मुलांशी नुसते बोलत बसावे. विनाअनुदानित शाळांना त्या समितीचे बंधन हा कायदा घालत नाही. त्यांच्यासाठी सरकारने स्वतंत्र हुकूम काढावा, आणि तो पुढच्या बदलापूरची वाट न पाहता.